पाणी न काढता

सोमवार, ९ ऑक्टोबर. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की त्याची शास्त्रीय नोंद ठेवली पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होतो, तिथे हेच शिकलो. आधी उद्देश, मग साहित्य, मग कृती. (शिक्षक नव्हतो, सहाय्यक होतो. पण प्रयोग मांडायचा कोण? मी. शिक्षक नुसते बोलायचे.)

उद्देश: सासूबाईंना घरी आणणे. विनिफ्रेड ॲक्रॉइड, वय शहाऐंशी. सप्टेंबरात बागेतल्या पायरीवर पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं. हॉस्पिटल तीस तारखेला सोडणार. आता एकट्या राहू शकत नाहीत. एक तर आमच्याकडे, नाही तर टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. ऑड्रीने, म्हणजे बायकोने, आईला शब्द दिला आहे की आमच्याकडेच.

अडचण: वरची छोटी खोली. हॉस्पिटलकडून येणारा पलंग लांबलचक. तो खिडकीखालच्या भिंतीलाच बसतो आणि नेमका तिथे गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर. तो समोरच्या भिंतीवर हलवायचा.

कृती: पाणी न काढता.

सामान्य माणूस काय करतो? अख्ख्या घराच्या रेडिएटरांतलं पाणी काढून टाकतो, मग पाइपाला हात लावतो, मग पुन्हा पाणी भरतो आणि आठवडाभर अडकलेली हवा काढत बसतो. काही गरज नाही. लेमोनेडच्या ग्लासात स्ट्रॉ घाला, वरच्या तोंडावर बोट ठेवा, स्ट्रॉ उचला. थेंब पडत नाही. घराचंही तसंच. रेडिएटरांना पाणी पुरवणाऱ्या माळ्यावरच्या टाकीच्या भोकात एक रबरी बूच, हवेच्या पाइपाच्या तोंडात दुसरं. वरून हवा आत जाणार नाही, म्हणून खालून पाणी बाहेर येणार नाही. मग पाइप खुशाल उघडा. फार तर कपभर पाणी सांडेल.

शेजारचा गॉर्डन सग्डन कुंपणावरून म्हणाला, पाणी काढून टाक, झंझट मिटेल. गॉर्डनने जन्मभर बस चालवली.

लागणारा वेळ: अर्धा दिवस. ऑड्रीला तसं सांगितलं. तिने विचारलं, कुठल्या महिन्यातला? असं लागट बोलणं तिला तिच्या आईकडून आलं आहे.

संकल्प: एक, आवाज चढवायचा नाही. दोन, हत्यारं जागच्या जागी. तीन, गॉर्डनशी या विषयावर बोलायचं नाही.

बुधवार, ११ ऑक्टोबर.

बुचांची जोडी आणली. खोक्यावर एका हसऱ्या माणसाचं चित्र आहे. हातात पाना, अंगात पांढरा शर्ट, शर्टवर एक डाग नाही. मुद्दाम ऑड्रीला दाखवलं. ती म्हणाली, ह्या चित्रात रेडिएटर कुठे दिसत नाही.

मापं घेतली. दोनदा घेतली. दोन उत्तरं आली. सरासरी काढली.

गुरुवार, १२ ऑक्टोबर.

पाऊस. कामाचा पावसाशी संबंध नाही, पण उजेड बरा नव्हता.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर.

मी अंधश्रद्धाळू नाही. तरी शुक्रवार आणि त्यातून तेरा तारीख. उगाच कशाला. उद्या मोकळा दिवस आहे. ऑड्री म्हणते, निवृत्त माणसाला सगळेच दिवस मोकळे.

शनिवार, १४ ऑक्टोबर.

९.४०. माळ्यावर. टाक्या दोन आहेत, एक मोठी, एक छोटी. दोन्ही जुन्या रजयांत गुंडाळलेल्या. घरात रेडिएटर नऊ, बॉयलर ऐसपैस. तेव्हा रेडिएटरांची टाकी कोणती? उघड आहे. मोठीच्या तळात बूच बसवलं. तिच्यावर वाकलेल्या पाइपाच्या तोंडात दुसरं.

१०.०५. छोटी खोली. नटाखाली कप ठेवला. पाना लावला. अर्धा फेरा.

१०.०६. कप भरला. अपेक्षेप्रमाणे.

१०.०७. दुसरा कप.

१०.०८. ऑड्रीला शांतपणे हाक मारली. गॉर्डन नंतर म्हणाला की ती त्याला त्याच्या घरात ऐकू आली. गॉर्डनला कान टवकारायची सवय आहे.

१०.१०. भांडी घासायचा टब भरला. मांस भाजायचा ट्रे भरला. मग सासूबाईंनी लग्नात दिलेला काचेचा मोठा बाउल.

१०.१५. नट पुन्हा आवळला.

रेडिएटरातलं पाणी काळं असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आतल्या लोखंडाचा गंज उतरून ते शाईसारखं होतं. क्रीम रंगाच्या कार्पेटवर फार उठून दिसतं. कार्पेट गेल्याच आठवड्यात सासूबाईंसाठी नवं घातलं. पाइपाचं काम राहिलं असताना आधी कार्पेट का घातलं, असं ऑड्रीने विचारलं. कार्पेटवाल्याला तीच तारीख मोकळी होती.

निष्कर्ष: तत्त्व बरोबर. बूच सदोष असावं.

रविवार, १५ ऑक्टोबर.

ऑड्री म्हणते, कालपासून बाथरूमच्या नळांना पाणी नाही. मी म्हणालो, रस्त्यात कुठे काम चालू असेल. साबण आणि टॉवेल घेऊन ती गॉर्डनकडे आंघोळीला गेली. त्याच्याकडे पाणी होतं. रस्ता एकच.

संध्याकाळी दुसऱ्याच एका कामासाठी माळ्यावर गेलो. मोठी टाकी नळांची आहे. रेडिएटरांची छोटी. घर बांधणाऱ्याने तसं कुठेही लिहून ठेवलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. बुचं काढली. पाच मिनिटांत नळ वाहू लागले. खाली येऊन ऑड्रीला म्हणालो, आलं की नाही? मी म्हटलंच होतं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर.

तिसरा संकल्प मोडला, पण दोष माझा नाही. गॉर्डन मुद्दाम चौकशीला आला. पाणी काढायची तोटी तुझ्याकडे कुठे आहे, म्हणाला. नळी लावून देतो, तासाभरात सगळं पाणी बागेत. मी म्हणालो, तोटीचा इथे संबंध नाही.

ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. तोटी आहे. स्वयंपाकघरात, खालच्या कपाटांच्या मागे. कपाटं कोणी बसवली हा प्रश्न इथे गैरलागू आहे. २००४ साली बसवली. एकसंध बसली आहेत, कुठे नखाएवढी फट नाही. अजूनही पाहुणे आले की ऑड्री ती दाखवते. तोटीपर्यंत हात न्यायचा तर कपाट कापावं लागेल. त्या कारणासाठी मी पाणी काढत नाही असं मुळीच नाही. मी तत्त्वासाठी काढत नाही.

ऑड्रीला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गुरुवार, १९ ऑक्टोबर.

९.३०. माळ्यावर. छोटी टाकी. दोन्ही बुचं घट्ट.

१०.००. पाना. नट. कपभर पाणी आलं आणि थांबलं.

१०.०१. थांबलेलंच आहे.

१०.०५. नट पूर्ण काढला. पाइपाच्या तोंडाशी एक थेंब लटकलेला, आणि तो पडत नाही. पाच मिनिटं मी त्या थेंबाकडे बघत गुडघ्यावर बसलो होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग मांडले. हा माझा होता. खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

ऑड्रीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान, चहा ठेवू? गॉर्डनला बोलावलं नाही. पण त्याच्या बाजूची खिडकी उघडली आणि थोडी शीळ घातली.

१०.४०. रेडिएटर उतरवला. पाइप हव्या तिथे कापले.

११.२०. एक एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा जोड, कमी पडला. (सरासरीमुळे.) दुकान वीस मिनिटांवर. पाइप उघडेच ठेवले, कारण तत्त्वावर विश्वास आहे. बॉयलरवर चिठ्ठी लावली: कोणीही हात लावू नये.

१.१५. परत आलो. दुकानात एका गृहस्थाला पद्धत समजावून सांगत होतो.

मधल्या वेळात घडलं ते असं. ऑड्रीला थंडी वाजली. आमच्या खोलीत जाऊन तिने रेडिएटरला हात लावला, तो गार. ऑक्टोबरात रेडिएटर गार लागला की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात जे करतात तेच तिने केलं. ड्रॉवरमधून पितळी किल्ली काढली, खाली फडकं धरलं आणि अडकलेली हवा सोडायला वरचा स्क्रू फिरवला. हवा बाहेर आली नाही. आत गेली. बराच वेळ सूं असा आवाज येत होता म्हणे. तिला वाटलं, यंदा हवा फारच साठली आहे. म्हणून तिने मागच्या खोलीतल्या रेडिएटरचीही हवा सोडली, आणि मग बाथरूममधल्याची.

स्ट्रॉवरचं बोट उचललं गेलं. वरच्या मजल्याचं सगळं पाणी छोट्या खोलीतल्या दोन उघड्या पाइपांतून जमिनीवर, जमिनीतून खालच्या बैठकीच्या खोलीत आणि तिथून सोफ्यावर. बैठकीच्या छतावर स्कॉटलंडचा नकाशा उमटला आहे, बेटांसकट.

मी विचारलं, चिठ्ठी वाचली नाहीस का? ती म्हणाली, वाचली. बॉयलरवर होती. बॉयलरला मी हात लावला नाही.

नोंद: पाणी मी काढलेलं नाही. ते गेलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर.

वरचे पाइप रिकामे झाल्याने कामाला एका अर्थी सोयच झाली. दिवसभर खपून पाइप समोरच्या भिंतीपर्यंत नेले, जोड आवळले, रेडिएटर टांगला. डावीकडे किंचित कललेला आहे. पाणी उताराकडे धावतं, त्यामुळे थोडा कल असलेला बरा.

ऑड्रीने खोलीच्या दारात उभं राहून बघितलं. आईची निळी रजई, घड्याळ आणि वडिलांचा फोटो तिने कपाटात आणून ठेवला आहे. दर दिवशी ती एकेक वस्तू आणते. मला म्हणाली, नऊ दिवस राहिले. मी म्हणालो, झालंच आहे, फक्त चालू करायचं.

सोमवार, २३ ऑक्टोबर.

ऑड्री म्हणते, चालू करून बघ. मी नियमाची आठवण दिली. हिवाळ्यासाठी देशभर घड्याळं एक तास मागे करतात, ती केल्याशिवाय या घरात हीटिंग लागत नाही. माझ्या वडिलांचा नियम आहे, त्यांच्याही वडिलांचा. यंदा घड्याळं एकोणतीस तारखेला. तोवर आणखी एक स्वेटर घालावा. तिने स्वेटर घातला, त्यावर कोट घातला आणि हातमोजे घालून बटाटे सोलायला बसली. ते जरा जास्तच वाटलं.

दुपारी ती हॉस्पिटलमध्ये गेली, तेव्हा नियमाला बाध न आणता चाचणी म्हणून बॉयलर लावला. किटली उकळल्यासारखा घुमला, आतून कोणी हातोडा मारल्यासारखा तीनदा ठोकला आणि बंद पडला. रेडिएटर गार. किल्लीने एकेक उघडून पाहिला. वरच्या मजल्यावर ना हवा, ना पाणी.

निदान: कुठेतरी हवा अडकली आहे. आपोआप सुटेल.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर.

हवा सुटलेली नाही.

आज हॉस्पिटलकडून मिस फोलारिन आल्या. पेशंटला घरी सोडण्याआधी घर बघतात. चांगल्या बाई. पायऱ्या मोजल्या, कठडा हलवून पाहिला, पलंगाची जागा पाहिली आणि पर्समधून एक छोटं थर्मामीटर काढून खोलीत ठेवलं. ऑड्रीने चहा दिला. तो संपला तरी त्यांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता. कोट काढला नाही.

बारा अंश. त्या म्हणाल्या, निदान अठरा हवेत. मी त्यांना घड्याळांचा नियम सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला. छताकडे बघून तेही लिहून घेतलं. सोमवारपर्यंत खोली गरम होईल का, असं सरळ विचारलं. मी म्हणालो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ऑड्रीने माझ्याकडे बघितलं, आणि मग मिस फोलारिननी ऑड्रीकडे बघितलं, आणि मग त्यांनी कागदावर खूण केली.

सासूबाई सोमवारी वृद्धाश्रमात जाणार. सध्यापुरत्या. "सध्यापुरत्या" हा शब्द मिस फोलारिनचा आहे. त्यांच्या मते, तिथे गेलेली माणसं बहुधा तिथेच रुळतात, म्हणून खोली लवकर तयार करा.

रविवार, २९ ऑक्टोबर.

घड्याळं मागे केली. आजपासून हीटिंग लावायला अधिकृत परवानगी. हीटिंग नाही. दिवस एक तासाने लांबला, थंडीही एक तास जास्त.

सोमवार, ३० ऑक्टोबर.

सासूबाईंना पोचवून आलो. जाताना सासूबाई गाडीत रस्त्याकडेच्या बागा बघत होत्या. तिथली खोली बरी आहे. पडदे आणि पलंगपोस एकाच कापडाचे. सासूबाई म्हणाल्या, फारच छान, पडद्यांना मेळ आहे. निघताना मला विचारलं, रेडिएटर कुठवर आला? मी म्हणालो, संपतच आला. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

संकल्प: या आठवड्यात हवेचा प्रश्न निकाली काढायचा.

गुरुवार, २ नोव्हेंबर.

हवेच्या प्रश्नावर वाचन. तीन पुस्तकांत तीन मतं. पहिलं म्हणतं पाइपांना हातोडीने हलके ठोके द्या. दिले. गॉर्डनने भिंतीवर उलट ठोके दिले.

प्लंबर बोलाव, असं ऑड्री चौथ्यांदा म्हणाली. मी म्हणालो, प्लंबर आल्याबरोबर पाणी काढायचं म्हणेल, त्याला दुसरं काही येत नाही. ती म्हणाली, काढू दे की. मी विषय बदलला. माझी नजर कपाटांकडे गेली होती, पण तिच्या ते लक्षात आलं नसावं.

रविवार, ५ नोव्हेंबर.

गाय फॉक्सचा दिवस. गॉर्डनने नेहमीप्रमाणे मागच्या अंगणात मोठी होळी पेटवली. आम्ही दोघं सर्वांत आधी गेलो आणि सर्वांत जवळ उभे राहिलो. सतरा दिवसांनी पाय गरम झाले. गॉर्डनच्या बायकोने आल्याचा केक दिला.

फटाके उडत होते तेव्हा ऑड्री जाळाकडे बघत म्हणाली, "मी आईला शब्द दिला होता, नॉर्मन. आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट."

मी म्हणालो, हवेचा दाब हा फसवा प्रकार असतो. ती दुसऱ्या बाजूला जाऊन गॉर्डनच्या बायकोजवळ उभी राहिली. मी केकचा दुसरा तुकडा घेतला. तो चांगला झाला होता. मी तो पूर्ण खाल्ला नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर.

ऑड्रीला सर्दी-ताप. डॉक्टर म्हणाले, ऊब हवी. ती चार रजयांखाली आहे. म्हणून सासूबाईंना भेटायला मी एकटा गेलो.

दिवाणखान्यात बारा खुर्च्या भिंतीला लावलेल्या, बारा माणसं टीव्हीकडे तोंड करून. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत. मी पद्धतीबद्दल सांगू लागलो. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग जवळ वाकून हळूच म्हणाल्या, "मला इथं नाही रे आवडत, नॉर्मन. सगळे माझ्याशी लहान पोरीशी बोलल्यासारखं बोलतात. साडेचारला जेवण उरकतात. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पण ऑड्रीला बोलू नकोस हं. ती तुझ्यावर चिडेल. तू बापडा किती राबतोयस."

मी बरं म्हणालो. बाहेर येऊन गाडीत बसलो. वीस मिनिटं गाडी चालू केली नाही.

मला माझीच लाज वाटली. हे निरीक्षण शास्त्रीय नाही, पण नोंद करून ठेवतो.

शुक्रवार, १० नोव्हेंबर.

सकाळी ऑड्रीला सूप दिलं आणि सगळं सांगितलं. दोन टाक्या. नळ का आटले ते. तेवीस तारखेची चाचणी. तिची आई काय म्हणाली ते. शेवटी तोटी आणि कपाटं.

ती सूप पीत होती. संपवलं. म्हणाली, आईला तिथे आवडत नाही हे पहिल्या दिवशीच कळलं, तिने पडद्यांची स्तुती केली तेव्हा. आणि तोटीचं तर तिला वीस वर्षं माहीत आहे. २००४ साली कपाट लावताना बॅटरी धरून तीच उभी होती, आणि तोटी आत जातेय असं तिने तेव्हाच म्हटलं होतं. मी म्हणालो होतो, तोटी कोणाला लागते.

हे मला आठवत नाही. पण बोलणं माझंच वाटतं.

"मग आता?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "प्लंबरला फोन कर." आणि तिने उशाखालून नंबर काढला. तो तिथे तयारच होता.

सोमवार, १३ नोव्हेंबर.

प्लंबर बाई निघाली. जेनीन बटरफील्ड. आमच्याच शाळेची. मला बघून म्हणाली, सर, तुम्ही? मला शाळेत कोणी सर म्हणत नसे. ती म्हणाली, स्ट्रॉचा प्रयोग तिला अजून आठवतो, कारण त्या दिवशी सगळं पाणी हेडमास्तरांच्या बुटांवर सांडलं होतं. हेही मला आठवत नाही.

८.४०. जेनीन माळ्यावर.

८.४२. जेनीन माळ्यावरून खाली. हातात बूच. छोट्या टाकीच्या तळात एकोणीस ऑक्टोबरपासून बसलेलं. साडेतीन आठवडे टाकी भरलेली आणि पाइप कोरडे. हवा कुठेच अडकली नव्हती. पाण्यालाच वाट नव्हती.

ऑड्री सोफ्याच्या कोरड्या बाजूला बसली होती. ती काही बोलली नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

जेनीन म्हणाली, एवढा काळा गाळ आत ठेवून चालायचं नाही, खालच्या मजल्याचं पाणी काढावंच लागेल, आणि सरांचे दोन जोड पुन्हा करावे लागतील. तिने कपाटाच्या तळाशी करवतीने एक चौकोन कापला. तोटीला नळी लावली, नळी मागच्या दाराबाहेरच्या गटारात सोडली आणि विचारलं, चहा मिळेल का? चहा होऊन पिऊन होईपर्यंत सिस्टिम रिकामी झाली. पंचवीस मिनिटं. तिने दोन बिस्किटं खाल्ली.

दुपारी दोन वाजता नऊही रेडिएटर तापले. कापलेल्या चौकोनाला तिने दोन बिजागऱ्या लावून छोटं दार केलं. ऑड्री म्हणते, आता पाहुण्यांना ते दार दाखवीन.

रेडिएटर वाकडा आहे, सरळ करू का, असं जेनीनने विचारलं. मी म्हणालो, तो मुद्दाम तसा आहे.

गुरुवार, १६ नोव्हेंबर.

मिस फोलारिन आल्या. एकवीस अंश. कोट काढला. कप लगेच खाली ठेवला. सोमवारी आईंना आणा, म्हणाल्या. ऑड्रीने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून तिथेच थोडा वेळ उभी राहिली. मग येऊन माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. मी हललो नाही.

सोमवार, २० नोव्हेंबर.

आज मोठा दिवस. पहाटेपासून छोट्या खोलीचा रेडिएटर पूर्ण चालू ठेवला होता. दुपारपर्यंत चोवीस अंश. मी शर्टाच्या बाह्या वर करून काम करत होतो, म्हणजे खोलीत उभा होतो.

तीन वाजता सासूबाई आल्या. गॉर्डन त्यांच्या पुढे, मी मागे, एकेक पायरी करत वर आणलं. खोलीत पाऊल टाकलं. निळी रजई पाहिली, फोटो पाहिला, पलंगावर बसल्या, खिडकीतून रस्ता पाहिला. ऑड्रीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मी त्यांना रेडिएटर दाखवला. त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि लगेच काढला.

"छानच तापतो की," म्हणाल्या. "आता बंद कर, आणि ती खिडकी बोटभर उघड."

मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. शहाऐंशी वर्षांत त्या एकदाही गरम खोलीत झोपलेल्या नाहीत. जाड रजई, पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि खिडकी उघडी. वृद्धाश्रमात रात्रंदिवस हीटिंग चालू आणि खिडक्यांना स्क्रू मारलेले, म्हणून तर झोप येत नव्हती.

मी विचारलं, आधी का नाही बोललात?

"कोणी विचारलंच नाही, रे," त्या म्हणाल्या. "आणि तू इतका कामात होतास."

ऑड्री पलंगाच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सहा आठवड्यांत प्रथमच. सासूबाईही हसल्या. गॉर्डन जिन्यातच होता, तोही हसला. सगळ्यांत शेवटी मी हसलो.

मग गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह फिरवला. पूर्ण बंद होतो. गळत नाही.